आधी वाचावे की आधी पाहावे?

एखाद्या गाजलेल्या पुस्तकावर चित्रपट निघाला, की घरोघरी एक जुनाच वाद नव्याने सुरू होतो. पुस्तक वाचून मग चित्रपटाला जावे, की चित्रपट पाहून आल्यावर पुस्तक हाती घ्यावे? वडीलधारी मंडळी म्हणतात, आधी वाचा. पडद्यावरील चेहरे एकदा डोळ्यांत बसले, म्हणजे मनाला आपले चित्र काढावयास जागा उरत नाही. मुले म्हणतात, आधी पाहू; आवडले तर वाचू. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही.

हा वाद मुंबई-पुण्याला करमणुकीचा आहे. सौंसरला तो तितका हलका राहत नाही. सौंसर हे नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे, संत्र्यांच्या बागांच्या मुलखातले गाव. येथल्या घराघरांतून मराठी बोलली जाते. जुन्या मध्यप्रांतात हिंदी आणि मराठी ह्या दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूरसह आठ मराठी जिल्हे त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर सौंसर व पांढुर्णाही राहिले. घरातली बोली होती तीच राहिली. सरकारी कामाची आणि हळूहळू बहुतेक मुलांच्या शाळेचीही भाषा मात्र हिंदी झाली. त्यामुळे येथे आजोबा मराठी वाचतात, वडील अडखळत वाचतात आणि नातू केवळ बोलतो, असे दृश्य अनेक घरांतून दिसते. अशा नातवाला मराठी चित्रपट समजतो. मराठी पुस्तक मात्र परके वाटते. तेव्हा ‘आधी काय?’ ह्या प्रश्नाच्या पोटात येथे दुसरा, अधिक कठीण प्रश्न दडलेला आहे: पाहिल्यानंतर वाचले जाईल काय?

ह्या प्रश्नाचा विचार करताना थोडे मागे जाणे उपयोगी पडेल. आपल्याकडे गोष्ट आधी ठाऊक असणे आणि मग ती पाहणे, हाच पूर्वापार क्रम होता. कीर्तनाला बसलेल्या माणसाला हरिश्चंद्राची कथा बुवांनी तोंड उघडण्यापूर्वीच माहीत असे. दशावतार पाहणाऱ्याला रावणाचे पुढे काय होणार, ह्याची शंका नसे. तरीही लोक रात्र रात्र जागत. पुढे काय होते हे कळावे म्हणून ते येत नसत. जे ठाऊक आहे ते आज कसे सांगितले जाते, हे पाहावयास येत.

भारतीय चित्रपटाचा आरंभही ह्याच बळावर झाला. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक चित्रपट पाहत असताना दादासाहेब फाळके ह्यांच्या मनात विचार आला, की आपल्या देशातील राम-कृष्णांच्या कथा अशाच पडद्यावर का येऊ नयेत? त्यातून ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. तो मूकपट होता. पात्रे बोलत नव्हती. पण त्यामुळे प्रेक्षकांचे फारसे अडले नाही. राजाने काय वचन दिले, तारामती काय म्हणाली, हे त्यांना पुराणांतून आणि कीर्तनांतून पाठ होते. पडदा मुका होता आणि प्रेक्षकांची स्मृती बोलत होती.

छापील कादंबरी पडद्यावर आली, तेव्हा हाच न्याय तिलाही लागू पडला. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर ह्यांनी १९२३ साली ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. त्याला आधार होता हरि नारायण आपटे ह्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ ह्या कादंबरीचा. हरिभाऊ १९१९ सालीच निवर्तले होते. ज्यांनी कादंबरी वाचली होती, त्यांना तानाजीच्या ओठांची हालचाल पाहून शब्द ऐकू येत असतील. ज्यांनी ती वाचली नव्हती, त्यांना लढाई दिसली. माणसे मात्र अर्धीच दिसली. मूकपटाच्या काळी आधी वाचलेल्याला मिळणारे फळ असे रोकडे होते.

बोलपट आल्यावर हे पारडे फिरले. आता पडदा स्वतः बोलू लागला आणि वाचकाच्या मदतीवाचून उभा राहू लागला. १९३७ साली प्रभात कंपनीने व्ही. शांताराम ह्यांच्या दिग्दर्शनाखाली ‘कुंकू’ काढला. मूळ कादंबरी नारायण हरि आपटे ह्यांची, ‘न पटणारी गोष्ट’. एका तरुण मुलीचे वृद्ध विधुराशी लग्न लावून दिले जाते आणि ती त्या लग्नाला मनाने मान्यता देण्याचे नाकारते, असा तो विषय. नावातला बदल पाहण्यासारखा आहे. कादंबरीच्या नावात एक विचार आहे. चित्रपटाच्या नावात डोळ्यांना दिसणारी एक वस्तू आहे. वृद्धाचे ओसरलेले वय सांगावयाला लेखकाला वाक्ये लिहावी लागतात. शांतारामांनी भिंतीवरच्या जुन्या घड्याळाकडून ते काम करून घेतले. म्हणजे चांगला चित्रपट पुस्तकाची नक्कल करीत नाही. तो त्याच आशयासाठी दुसरी भाषा शोधतो. हाच चित्रपट ‘दुनिया न माने’ ह्या नावाने हिंदीतही निघाला. मध्यप्रांतासारख्या दुभाषी मुलखातल्या प्रेक्षकाला दोहोंतला कोणताही समजला असता. ज्या पुस्तकातून दोन्ही निघाले, ते मात्र मराठीतच होते.

परंतु ह्या प्रश्नाची खरी कसोटी ज्या एका पुस्तकावर लागते, ते ‘श्यामची आई’. मराठी माणसाने त्याचे नाव ऐकले नाही, असे सहसा घडत नाही. आणि ते वाचले आहे की केवळ पाहिले आहे, हे विचारले तर उत्तराला थोडा वेळ लागतो.

पांडुरंग सदाशिव साने ह्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगड येथे झाला. पुढे ते खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि साने गुरुजी ह्या नावाने ओळखले जाऊ लागले. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांना वारंवार तुरुंगवास घडला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ती ऐकता ऐकता उतरवून घेणारे साने गुरुजीच होते. दुसऱ्याच वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी आपल्या आईच्या आठवणी लिहावयास घेतल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांतला मोठा भाग कागदावर उतरला. बोललेला शब्द लिहून ठेवण्याची जी हातोटी धुळ्याला दिसली, तीच येथे दिसते. ‘श्यामची आई’ हे पुस्तक प्रकरणांचे नाही, रात्रींचे आहे. रोज रात्री आश्रमातील मित्र जमतात आणि श्याम आपल्या आईची एक आठवण सांगतो. अशा ४२ रात्री त्यात आहेत.

चित्रपट आचार्य अत्रे ह्यांनी काढला. तो १९५३ साली प्रदर्शित झाला. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींचे निधन झाले होते; आपली आई पडद्यावर कशी दिसते, हे त्यांना पाहावयास मिळाले नाही. श्यामचे काम माधव वझे ह्या बालनटाने केले, संगीत वसंत देसाई ह्यांचे होते, आणि आईची भूमिका केली वनमाला ह्यांनी. वनमाला मूळच्या ग्वाल्हेर संस्थानातील मराठी घराण्यातल्या, जन्माने उज्जैनच्या. सौंसरप्रमाणेच आज मध्यप्रदेशात असलेल्या मराठी समाजातून त्या आल्या होत्या. कोकणातील एका गरीब घरच्या मातेला मराठी मनात जो चेहरा कायमचा लाभला, तो माळव्यातून आला, ही गोष्ट सीमेवरील वाचकांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांना १९५४ साली आरंभ झाला, तेव्हा १९५३ मधील सर्वोत्कृष्ट कथापटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक ह्याच चित्रपटाला मिळाले. देशातील सर्व भाषांतून ही निवड झाली होती.

आता त्या वेळचा प्रेक्षक कसा होता, हे पाहिले पाहिजे. पुस्तक निघून वर्षे लोटली होती. ते शाळांतून मोठ्याने वाचले गेले होते, घरी दिव्याभोवती बसून ऐकले गेले होते. १९५३ साली तिकीट काढणाऱ्यांपैकी पुष्कळांनी श्यामची आई मनात आधीच पाहिली होती, आणि ती प्रत्येकाला आपल्या स्वतःच्या आईसारखी दिसली होती. साने गुरुजींनी आईच्या रूपाचे वर्णन करण्यात शाई खर्चली नाही. त्यांनी तिचे वागणे सांगितले. चेहऱ्याची जागा त्यांनी मोकळी ठेवली आणि वाचकाने ती भरली. वनमालाबाईंनी ती जागा एका चेहऱ्याने भरून टाकली. त्यांचा अभिनय उत्तम होता, म्हणूनच तो चेहरा पुसला जात नाही. ज्याने आधी वाचले त्याच्यापाशी दोन आया राहिल्या. ज्याने आधी पाहिले त्याच्यापाशी एकच.

दुसरा भेद ह्याहून खोल आहे. पुस्तकात श्याम दोन आहेत. एक चूक करणारा मुलगा आणि दुसरा ती चूक आठवून ओलावणारा मोठा माणूस. स्नान झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट करणारा मुलगा, त्याच्यासाठी आपले लुगडे पसरणारी आई, आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप असा तिने दिलेला बोध, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. पडद्यावर ह्या प्रसंगातील मूल दिसते, आई दिसते. परंतु पुस्तकात त्या दोघांबरोबर तिसरा माणूस हजर असतो: तेहतीस वर्षांचा, आई गमावलेला, तुरुंगात बसून लिहिणारा. त्याचा पश्चात्ताप प्रत्येक वाक्याच्या मागे उभा आहे. छायायंत्र जे समोर असते ते टिपते. जे निघून गेले आहे त्याची हुरहुर टिपणे त्याला अवघड जाते.

तिसरा भेद वेळेचा. चित्रपट अडीच तासांत आटोपतो. पुस्तक जसे सांगितले आहे तसे वाचावयाचे, एका रात्री एक आठवण, तर सहा आठवडे लागतात. आईचे संस्कार एका संध्याकाळी होत नाहीत. ते थेंबाथेंबाने होतात. पुस्तकाची ही मंद गती हा त्याच्या शिकवणुकीचाच भाग आहे.

येथवर पाहता ‘आधी वाचा’ हाच कौल द्यावा असे वाटेल. पण सौंसरच्या मुलाची अडचण निराळी आहे, आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. त्याने कोकण पाहिलेले नाही. माडांची बाग, तांबडी माती, उतरत्या छपरांची घरे, पावसाने चिंब झालेल्या वाटा ह्यांतले काही त्याच्या अनुभवात नाही. त्याचा मुलूख संत्र्यांचा, कापसाचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. त्याच्या घरी आईला ‘माय’ म्हटले जाण्याचा संभव अधिक. साने गुरुजींचे कोकणी घरातले शब्द त्याने कधी ऐकलेले नसतात. अशा मुलाला चित्रपट आधी दाखविला, तर पुस्तकातला अपरिचित मुलूख त्याच्या ओळखीचा होतो आणि अपरिचित शब्द कानाखालून जातात. म्हणजे मुलुखाच्या बाबतीत आधी पाहणे हिताचे आहे आणि माणसाच्या बाबतीत आधी वाचणे. मुलाजवळ ज्याची उणीव असेल, त्यावर क्रम ठरावा. सर्वांना एकच नियम लावू नये.

तथापि, क्रम कोणताही असो, वाचन गळता कामा नये. चित्रपटाने भाषा कानात राहते. डोळ्यांत आणि हातांत ती पुस्तकानेच येते. सौंसरच्या मुलाचे ह्या बाबतीत एक मोठे भाग्य आहे. हिंदी आणि मराठी दोन्ही देवनागरीतच लिहिल्या जातात, म्हणून त्याला नवी लिपी शिकावी लागत नाही. अडखळण्याच्या जागा थोड्या आहेत. ‘ळ’ हे अक्षर त्याच्या हिंदी क्रमिक पुस्तकात भेटत नाही. पण बाळ, केळे, आभाळ हे शब्द तो लहानपणापासून बोलत आला आहे. ‘चाक’ आणि ‘चहा’ ह्यांतला च एकसारखा लिहिला जात असला, तरी उच्चार निराळा आहे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्याच्या जिभेला ते आधीच ठाऊक आहे. हिंदी घरातल्या मुलाला जे कष्टाने मिळवावे लागेल, ते ह्याच्याजवळ आईच्या मांडीवरून आलेले आहे. केवळ जे बोलतो ते लिहिलेले कसे दिसते, ह्याची सवय व्हावयाची आहे. ती सवय काही आठवड्यांत होते. आणि ती झाली नाही, तर एका पिढीत बोली उरते आणि पुस्तके बंद होतात.

‘मग हिंदी भाषांतर वाचले तर काय बिघडले?’ असा प्रश्न कोणी विचारील. काही बिघडले नाही. ‘श्यामची आई’ हिंदीतही गेली आहे आणि ज्याची मातृभाषा हिंदी आहे त्याने ती हिंदीत अवश्य वाचावी. परस्परांच्या भाषा शिकाव्यात, ह्यासाठी साने गुरुजींनीच अखेरच्या काळात आंतरभारतीची कल्पना मांडली होती. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दाक्षिणात्य सोबत्यांमध्ये राहून त्यांनी तमिळमधील कुरल मराठीत आणले होते. दुसऱ्याच्या भाषेवर प्रेम करावे असे सांगणारा हा माणूस आपली भाषा सोडा असे कधी म्हणाला नाही. हिंदी शिकलेल्या मराठी मुलाने मूळ मराठी पुस्तक वाचणे हे आंतरभारतीच्या विरुद्ध नाही. त्याला दोन दारे उघडी आहेत, त्यांतले घरचे दार बंद करू नये एवढेच.

केवळ चित्रपटावर विसंबले तर काय होते, ह्याचे एक उदाहरण पुढच्या काळातले आहे. १९७९ साली जब्बार पटेल ह्यांचा ‘सिंहासन’ आला. तो अरुण साधू ह्यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ ह्या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची. चित्रपट गाजला आणि तो त्या योग्यतेचा आहे. पण ज्याने तो पाहिला आणि वाचले काही नाही, त्याला एका कादंबरीची गोष्ट कळली असे वाटते. वस्तुतः दोन कादंबऱ्या आणि एक पटकथा अशा तिघांच्या मेळातून ते निघाले आहे. कोणते कोणाचे, हे त्याला कधीच उमगत नाही.

२०२३ साली दोन गोष्टी घडल्या. सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. त्याच वर्षी सुजय डहाके ह्यांनी ‘श्यामची आई’ पुन्हा पडद्यावर आणली, तीही कृष्णधवल रंगांत; राष्ट्रीय पुरस्कारांत त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून तिचा गौरव झाला. अत्र्यांच्या चित्रपटानंतर सत्तर वर्षांनी नव्या मुलांपुढे आईचा नवा चेहरा आला. ह्यातून एक गोष्ट सिद्ध होते. चित्रपट दोन झाले, उद्या तिसराही निघेल; प्रत्येकाचा चेहरा निराळा असेल. ज्या ४२ रात्रींतून ते सर्व निघाले, त्या मात्र आहेत तशाच आहेत. चेहरे बदलत राहतात, कारण लेखकाने ती जागा मोकळी ठेवली आहे. आणि ती जागा नटांच्याआधी वाचकांसाठी आहे.

ह्यावर उपाय खर्चाचा नाही. ज्या घरात आजोबा वाचू शकतात, तेथे त्यांनी रोज रात्री एक आठवण मोठ्याने वाचावी आणि नातवाने पुस्तकावर बोट ठेवून ऐकावे. आठवड्याने दोन ओळी त्याने वाचाव्यात, पंधरवड्याने अर्धे पान. मुलाला मुलूख नवखा वाटला, तर मध्येच एक संध्याकाळ चित्रपट पाहावा आणि दुसऱ्या रात्री पुन्हा पुस्तक उघडावे. सहा आठवड्यांनी बेचाळिसावी रात्र येईल, तेव्हा ती नातवाने वाचावी आणि आजोबांनी ऐकावी. तेथे आधी काय आणि मागून काय हा वाद आपोआप मिटलेला असेल.